सात नंबरचे चार लाल बोल्ट

तीर्थस्वरूप मावशीच्या पायांशी,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला आणि हात थांबला, कारण साष्टांगाला जी आठ अंगं लागतात त्यांतली निम्मी सध्या सुजलेली आहेत. तेव्हा जी शाबूत आहेत तेवढ्यांनिशी केलेला नमस्कार गोड मानून घे. (सूज साधी आहे. दोन वेळा शेकतो. झोपताना पायाखाली उशी घेतो. म्हणजे तू विचारणार होतीस ते तिन्ही प्रश्न संपले.) तुझी तब्येत कशी आहे हे रीतीप्रमाणे विचारतो, पण उत्तर मला पाठ आहे. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर तू स्वतःच्या तब्येतीबद्दलही पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशी बोलतेस, 'काळजीचं काही कारण नाही' म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. खालच्या मजल्यावरच्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या कुत्र्यालाही सांग, म्हणजे पुढच्या वेळी तरी तो मला जिना चढू देईल.

गुडघे कशाने सुजले ते सांगण्यासाठी हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण तू दुसऱ्याच वाक्याला 'मग सही कुणाची होती?' असं विचारलं असतंस, आणि मला तो प्रश्न निदान तिसऱ्या पानापर्यंत लांबवायचा आहे. आधी एवढंच सांगतो की माझ्यामुळे एका भल्या माणसाचं तीस वर्षांचं नाव बुडायची वेळ आली होती, आणि ते वाचलं की नाही हे कळण्यासाठी तुला माझं सगळं पाल्हाळ वाचावं लागेल. शेवटचं पान आधी उघडू नकोस. (उघडलं असशील तर मुकाट्याने परत इकडे ये.)

तू ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत असतेस की आमचा मुलगा मोठमोठे पंखे फिरवतो. मावशी, पंखे वारा फिरवतो. ते ज्या खांबावर बसवलेत तो खांब हलू नये एवढंच मी पाहतो, म्हणजे खरं तर हलू नये असंही नाही, बेतानं हलावा हे पाहतो. आमचा एकेक टॉवर पंचाऐंशी मीटर उंच, आतून पोकळ, आणि त्याच्या डोक्यावर दोन खोल्यांच्या घराएवढं यंत्र आणि तीन पाती. एवढा उंच खांब वाऱ्यात डुलणारच. प्रत्येक खांबाची डुलायची स्वतःची लय असते. आमच्या टॉवरला एक हेलकावा पुरा करायला तीन सेकंद लागतात. पात्यांच्या फिरण्याची लय नेमकी त्या लयीला येऊन मिळाली की प्रत्येक फेऱ्याला खांबाला वेळेवर धक्का बसतो, आणि झोपाळ्याला हलक्या हाताच्या धक्क्यांनीही जसा झोका चढत जातो तसा खांबाला चढतो. तो चढू नये म्हणून टॉवरच्या माथ्याशी एका बंद खोलीत दोन टनांचं लोखंडी वजन टांगलेलं असतं, खाली तेलाच्या हौदात बुडलेलं. खांब एकीकडे गेला की ते मागे रेंगाळतं, त्याला उलटं ओढतं, आणि हेलकाव्यातला जोर तेलात जिरवून टाकतं. त्याला आम्ही डॅम्पर म्हणतो. हे सगळं आधी कॉम्प्युटरवर मांडायचं आणि कुठल्या वाऱ्यात खांब किती बोटं हलेल ते सांगायचं, याला मॉडेल म्हणतात, आणि ते करण्याचा मला पगार मिळतो. माझ्या मॉडेलमधला डॅम्पर इतका सुरेख डुलतो की साहेब बाहेरून आलेल्या पाहुण्यांना चहाबरोबर तो दाखवतात.

आमच्याकडे असे बारा टॉवर आहेत. त्यांतले अकरा शहाण्यासारखे वागतात. सात नंबर मात्र उभा राहिल्या दिवसापासून बिनसलेला. वारा जरा मध्यम झाला की त्याला झोके चढायचे, हेलकावे मोजणारं यंत्र घाबरून पाती थांबवायचं, आणि कंट्रोल रूममधला दिवा लाल व्हायचा. मॉडेल म्हणत होतं की असं होणं शक्यच नाही. अशा वेळी एखादा साधा माणूस वर जाऊन बघून आला असता. मी मॉडेल दुरुस्त करायला बसलो. पहिल्या आठवड्यात मी सप्रमाण सिद्ध केलं की सात नंबरच्या पायाखालची माती मऊ आहे. मऊ माती घातल्याबरोबर मॉडेलमधला खांब अगदी खऱ्यासारखा हलायला लागला, आणि मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कँटीनमध्ये दोनदा वाढून घेतलं. माती तपासणारे गृहस्थ आले, त्यांनी चार दिवस चारही बाजूंनी खणलं, आणि खालचा एक काळाकभिन्न दगड माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. (कागद दाबायला बरा आहे.) दुसऱ्या आठवड्यात मी सिद्ध केलं की तीन पात्यांपैकी एक जड आहे. तपासलं तर तिन्ही सारखी निघाली. तिसऱ्या आठवड्यात मी सिद्ध केलं की टॉवरचे तुकडे जिथे एकमेकांना जोडलेत तिथले बोल्ट सैल आहेत. हेही मॉडेलमध्ये छान बसलं. मॉडेल फार मोठ्या मनाचं असतं, आपण म्हणू त्याला ते हो म्हणतं, आणि मी तसा अहवाल लिहून साहेबांकडे पाठवला.

आता पानेवाल्या काकांबद्दल सांगायला हवं. ते आमचे फोरमन. कमरेला पाना लावल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, जेवतानाही नाही, म्हणून हे नाव. वय साठीला टेकलेलं, निवृत्तीला एक महिना राहिलेला. बाराही टॉवरचे बोल्ट त्यांच्याच टोळीने आवळलेले. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की काका त्यावर स्वतःच्या हाताने पांढरी रेघ ओढतात. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर समजायचं की बोल्ट फिरला. बोलणं अगदी मोजून मापून. (मी एकदा त्यांना अर्धा तास मॉडेल समजावून सांगितलं. ते म्हणाले, 'बरं.') माझा अहवाल आल्यावर साहेबांनी त्यांना सातचे सगळे बोल्ट पुन्हा तपासायला लावले.  काकांनी तीन दिवसांत चारशे ऐंशी बोल्ट तपासले, एकही रेघ तुटलेली नव्हती, आणि तसा कागद त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्या कागदाच्या तळाशी एक ओळ जास्तीची होती. बाकीच्या टॉवरमध्ये वारा असला की वरून तेल ढवळल्याचा आवाज येतो, सातमध्ये येत नाही, असं लिहिलं होतं. तीच ओळ त्यांनी महिन्यापूर्वीही एकदा लिहिली होती. दोन्ही वेळा मी ती 'ऐकीव माहिती' नावाच्या फायलीत लावून टाकली, कारण माझ्या मॉडेलला कान नव्हते आणि मलाही त्यांची गरज वाटली नव्हती.

साहेब तसे वाईट नाहीत. पण त्यांच्याही वर साहेब आहेत, तिकडून विचारणा झाली होती, आणि उत्तर म्हणून हाताशी फक्त माझा अहवाल होता. त्यांनी काकांवर चौकशी लावली. रेघा मागाहून ओढल्या असतील अशी शंकाही त्यात कुणीतरी घातली. निरोपसमारंभ पुढे ढकलला, आणि सेवापुस्तिकेत काय शेरा मारायचा ते चौकशीनंतर ठरेल असं पत्र त्यांच्या हातात ठेवलं. तीस वर्षांत त्या पुस्तिकेत एकही वाकडा शब्द पडला नव्हता. काकांनी पत्र वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं, आणि त्या दिवशी मावशी, ते पहिल्यांदा कमरेला पाना न लावता जेवायला आले. सगळ्यांनी पाहिलं.  जेवण झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं मॉडेल एवढं सगळं सांगतं. तुम्ही स्वतः कधी वर जाऊन पाहिलंय का?"

माझी आणि उंचीची काय दोस्ती आहे ते तुला सांगायला नको. तुझ्या हॉस्पिटलच्या गच्चीवरून मला खाली आणायला दोन वॉर्डबॉय लागले होते, आणि त्या गच्चीला चांगला छातीएवढा कठडा होता. इथल्या टॉवरना आतून सरळसोट लोखंडी शिडी आहे, लिफ्ट नाही. इतकी वर्षं मी आपलं काम बुद्धीचं असल्याचं सांगून जमिनीच्या आसपासच राहिलो होतो. पण डॅम्परच्या खोलीची किल्ली इंजिनिअरकडेच असते आणि टॉवर सुरू झाल्यावर आमच्या नियमाप्रमाणे फिटर लोकांनी त्या खोलीला हात लावायचा नाही, त्यामुळे मला टाळताही येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला पट्टे बांधले, हुक अडकवायला शिकवलं, आणि मला पुढे घालून ते एक पायरी मागे चढू लागले. विसाव्या पायरीवर मी शिडीला मिठी मारून थांबलो. काका खालून म्हणाले की बोलत राहा, बोलणारा माणूस श्वास घ्यायला विसरत नाही. मी विचारलं काय बोलू, तर म्हणाले, घरात कोण कोण आहे ते सांगा.

घरात कोण आहे? तू आहेस. तेव्हा दोनशे त्र्याऐंशी पायऱ्या मी तुझ्याबद्दल बोललो. आईबाबा गेल्यावर तू मला घेऊन आलीस इथपासून सुरुवात केली. तू ड्यूटीवरून आल्यावर पांढऱ्या कपड्यांतच माझी वही तपासायचीस, विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसायला लागायचीस आणि मग विनोद सांगताच यायचा नाही, एका मंत्र्याला तू इंजेक्शनच्या आधी भाषण बंद करायला लावलंस, सगळं सांगितलं. मधल्या टप्प्यावर टेकलो तेव्हा काकांनी विचारलं की त्या चहा किती वाजता घेतात. मी चार म्हणालो आणि पुढे चढू लागलो. (त्या वेळी हा प्रश्न मला विचित्र वाटायला हवा होता, पण मी खाली न बघण्याच्या गडबडीत होतो.) स्वतःबद्दल ते एकच वाक्य बोलले. बायको जाऊन सोळा वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि कंपनीची खोली महिनाअखेर सोडायची आहे.

वर पोचलो. किल्ली लावली, दार उघडलं, बॅटरी मारली. दोन टनांचं वजन जागेवर होतं, अगदी जागेवर, कारण ते चार लाल बोल्टनी चारही बाजूंनी आवळून ठेवलेलं होतं. टॉवर ट्रकवरून आणताना हे वजन रस्त्यात झुलू नये म्हणून ते बोल्ट लावतात, आणि टॉवर उभा राहिला की काढायचे असतात. मग मॉडेलमध्ये कितीही सुरेख झुलो, सात नंबरमध्ये ते जन्मापासून बांधलेलंच होतं, आणि तेल आपलं तळ्यासारखं शांत पडून होतं. बोल्ट काढल्याची खात्री इंजिनिअरने स्वतः डोळ्यांनी करायची असते आणि बेचाळीस कलमांच्या तक्त्यात एकतिसाव्या कलमापुढे सही करायची असते.

सही माझी होती, मावशी. टॉवर सुरू करायच्या दिवशी मी चाळीस पायऱ्या चढून पहिल्या टप्प्यावर बसलो आणि बाकीची कलमं तिथूनच भरली. लबाडी करायची म्हणून नाही. एकतिसावं कलम आलं तेव्हा मला खरोखर आठवलं की डॅम्पर मोकळा झुलताना मी पाहिलाय. पाहिला होताच, दोनशे वेळा, पण कॉम्प्युटरवर. औषध पेशंटच्या पोटात गेल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तक्त्यावर खूण करायची नाही, यावरून तू नव्या नर्सेसना रडवलेलं मी लहानपणी पाहिलंय. आणि तुझ्याच घरात वाढून मी हे केलं. तिथे उभ्या उभ्या मला तुझ्या आठवणीने इतकी लाज वाटली की उंचीची भीती काही वेळ विसरायला झाली.

 काकांनी पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला. मी चार बोल्ट काढले, त्याला पाऊण तास लागला, आणि दोनदा पाना माझ्याच गुडघ्यावर पडला. थोड्या वेळाने वारा उठला, वजन जरासं हललं, मग चांगलं हललं, आणि खालून तेल ढवळल्याचा आवाज यायला लागला. काकांनी भिंतीला तळहात लावला आणि ते हसले. त्या दिवसापासून सात नंबर एकदाही थांबलेला नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "साहेब, हे आपल्या दोघांत राहू द्या. मी लिहून देतो की आमच्या टोळीने ते बोल्ट चुकून परत लावले. मी महिन्याने घरी जाणार, तुम्हाला अजून तीस वर्षं काढायचीत." आणि आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी लगेच नाही म्हणालो नाही. दीड दिवस मी नाही म्हणालो नाही. मनात हिशेब मांडत होतो की त्यांचं नुकसान तरी काय, एक शेरा. मग तुला ही हकिगत त्या पद्धतीने कळवून बघावी म्हणून कागद घेतला, 'तीर्थस्वरूप मावशीच्या' एवढं लिहिलं आणि पुढे एक अक्षर सुचेना. तेव्हा उठलो.

तडक चौकशीच्या खोलीत गेलो, हात टेबलावर टेकले, मान खाली घातली आणि पहिल्या टप्प्यापासून लाल बोल्टपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. मान वर केली तर समोर बागकाम करणारे, वसाहतीची देखरेख ठेवणाऱ्या बाई आणि गाड्यांचे ड्रायव्हर बसलेले. चौकशी दुसऱ्या खोलीत हलवली होती आणि इथे गाड्या कुठे लावायच्या यावर बैठक चालू होती. बाईंनी अदबीने विचारलं की हे इतिवृत्तात घ्यायचं का. (घेतलंय. कलम पाच, 'इतर'.) मग साहेबांच्या खोलीत जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्या खेपेला जरा सराव झाल्यामुळे आवाज कापला नाही, आणि साहेबांना ते सगळं कँटीनमधून आधीच कळलेलं होतं.

काकांवरची चौकशी रद्द झाली. पुस्तिका कोरी राहिली, आणि खाली साहेबांनी चार चांगल्या ओळी लिहिल्या. गेल्या शुक्रवारी निरोपसमारंभही झाला. काका भाषणाला उभे राहिले, कमरेला पाना होता, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, 'बरं आहे' म्हणाले आणि बसले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. माझी बढती दोन वर्षं पुढे गेली. शिवाय शिक्षा म्हणून बाकीच्या अकराही टॉवरवर स्वतः चढून एकतिसावं कलम डोळ्यांनी पाहून यायचं होतं. ते काल संपलं. अकराही ठिकाणी बोल्ट काढलेले आहेत, आणि गुडघ्यांची हकिगत ती ही अशी. तुला रागवायचं असेल ते सगळं रागाव, मी ऐकून घेईन.

तुझ्याच हाताखाली वाढलेला आणि तरीही शिकायचा राहिलेला,
तुझा भाचा

ता. क. हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी तुझ्या हातात पाकीट दिलं ते पानेवाले काका. तिकडे काही पोचवायचं आहे का असं त्यांनी आपणहून विचारलं. तुमचं तिकडे काय काम आहे म्हणून मी विचारलं तर म्हणाले, 'सहज.' तीस वर्षांत हा माणूस सहज म्हणून फाटकापर्यंतही गेलेला नाही.

आणखी एक. पत्रात काय आहे ते त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतंय की मी गुडघ्यांबद्दल तुझा सल्ला विचारलाय. त्यांच्या पिशवीत सगळे पाने आहेत, कारण तुझ्या मोरीतला नळ गळतो असं मी शिडीवर कुठेतरी बोलून गेलो होतो. दोन नव्या शर्टांपैकी कुठला घालावा हे त्यांनी कँटीनवाल्यांना विचारलं, आणि कँटीनवाल्यांनी मला सांगितलं.

आणि शेवटचं. गुडघ्यांची हकिगत सांगायला हे पत्र आहे असं वर लिहिलं, ते पुरतं खरं नाही. मी लहान असताना दोन चांगली माणसं तुला विचारून गेली. एकदा तू म्हणालीस पोर आजारी आहे, एकदा म्हणालीस पोराची परीक्षा आहे, आणि नंतर म्हणायला लागलीस की आता वेळ गेली. ती वेळ मी खाल्ली, मावशी, आणि हे मी तुला आजवर कधी बोललो नाही. काकांना मी पहिल्यापासून काकाच म्हणतो, तेव्हा माझ्याकडून काही बदलावं लागणार नाही. पण घाई कसलीच नाही, पुढचं सगळं तू तुझ्या मनाने ठरव, आणि नळ दुरुस्त करून घेऊन निरोप दिलास तरी मी एक अक्षर बोलणार नाही. आत्ता फक्त एवढं कर. तू दारात उभी राहून हे वाचत असशील आणि ते अजून पायरीवरच उभे असतील. तो माणूस आपणहून आत येणार नाही आणि सांगितल्याशिवाय बसणार नाही. त्यांना आत घे, आणि बसा म्हण.